कडूबाचा कावळा

१

माझा रोजचा दिवस आधी सांगते, म्हणजे मी खुळी नाही हे तुमच्या लक्षात येईल.

साडेपाचला उठते. नळ आला असेल तर पाणी भरते, नसेल तर नळाला शिव्या घालते. सातला शाळा. संग्रामपुरात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, एकवीस वर्षं झाली. उन्हाळ्यात शाळा बाराला सुटते. घरी आलं की कूलरच्या टाकीत चार बादल्या पाणी ओतायचं, भात टाकायचा, जेवायचं अन आडवं व्हायचं. ही दुपारची झोप मला अकरा वर्षं मिळाली नव्हती. अकरा वर्षं माझी आई, रुखमाबाई, मागच्या खोलीत खाटेवर पडून होती. कमरेखाली काही हलत नव्हतं. तोंड मात्र धडधाकट होतं.

नोव्हेंबरात ती गेली. मी रडले, खोटं कशाला सांगू? मागच्या खोलीला कडी घातली अन बदलीचा अर्ज भरला. मलकापूर मागितलं, मलकापूर मिळालं. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या बघून ठेवल्या. पंधरा मेला सामान हलवायचं ठरलं.

लोकांना याचा राग आला. आईला जाऊन महिना नाही झाला अन पोरगी निघाली, म्हणे. ती खाटेवर होती तेव्हा यातलं एकही तोंड आमच्या दारात दिसलं नव्हतं. बोलायला काय लागतं?

२

दहाव्याला काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

घाटावर पिंड मांडला अन कावळाच येईना. आता कावळे तरी राहिलेत कुठे? म्हणून आमच्या घाटावर कडूबा नावाचा एक म्हातारा पाळलेला कावळा घेऊन बसायचा. पंख छाटलेला, पायाला सुतळी. रानातला कावळा आला नाही की लोक कडूबाला हाक मारायचे. माझा भाऊ हरिओम पुण्याहून आला होता अन त्याला मलकापूरहून संध्याकाळची गाडी गाठायची होती. अर्धा तास वाट बघून त्यानं कडूबाला बोलावलं.

कावळा शिवत नसला तर गेलेल्या माणसाचं काहीतरी मागं अडकलंय असं धरतात, अन घरचे एकेक वचन देत जातात. हरिओम म्हणाला, "आई, दरवर्षी न चुकता तुझं श्राद्ध करीन." कावळा बसून. मग एक मामा पुढं झाले, "रुखमाबाई, सुचिताचं लगन आमी करून देऊ." सेहेचाळीस वर्षांच्या बाईचं लग्न! अन ज्या बाईनं माझी तीन स्थळं दारातून परत पाठवली, तिचा जीव म्हणे माझ्या लग्नात अडकला होता! मला हसू फुटलं. भर घाटावर हसले मी. कावळा ढिम्म.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नदीकडे तोंड फिरवलं.

कडूबा तेवढा हळूच म्हणाला, "बाई, तिले जे पायजे, ते कोनी म्हनूनच नाही राह्यलं."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागं सरला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला अन हरिओमला गाडी मिळाली.

३

मार्चमध्ये गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टर महामायाचा फोन आला. मुलगी माझ्याच हाताखालून गेलेली.

"मॅडम, एक पाखरू ठेवता का? कोनी घ्यायले तयार नाही."

"कोनतं पाखरू?"

"कावळा हाय."

जाऊन बघते तर तोच. कडूबा हातपाय थकले म्हणून मुलीकडं हिवरा आश्रमाला निघून गेला होता अन जाताना कावळा घाटावरच्या बाभळीला तसाच बांधून गेला होता. तीन दिवस उन्हात. धुणं धुणाऱ्या बायकांनी सोडवून आणला. एक डोळा पांढरा पडलेला. वरची चोच अर्धी तुटलेली. उजव्या पायात सुतळी हाडापर्यंत रुतलेली, बोटं मुठीसारखी मिटलेली ती उघडतच नव्हती. पंखाची शीर कापलेली, म्हणजे जन्मात उडणार नाही.

"बाहेर सोडला तं कुत्रे फाडतीन," महामाया म्हणाली. "अन कावळा म्हनलं की लोक दार लावून घेतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. जो तुमच्या मेलेल्यांना मोकळं करतो म्हणता, त्याला बांधून मारता? मी ओढणीत गुंडाळून त्याला घरी आणलं. मलकापूरलाही नेणार होते. तिथं मला कोण विचारणार होतं की बाई, कावळा काऊन पाळला?

पुढच्या खोलीत बुटकं स्टूल ठेवून त्याला जुन्या गोधडीचं कापड गुंडाळलं, म्हणजे मिटलेल्या पायानं बसता येईल. दिवसाआड पट्टी, सकाळ-दुपार डोळ्यात थेंब. तुटक्या चोचीनं त्याला मोकळं शीत उचलता येईना, म्हणून भात दह्यात कालवून घट्ट गोळा करायचा अन ताटलीत ठेवायचा. सगळं केलं. तो खाईना. दोन दिवस ड्रॉपरनं पाणी पाजलं. तिसऱ्या दुपारी माझं डोकं फिरलं.

"खा ना रे बाप्पा! संध्याकाळी तुह्या पायाची पट्टी बदलून देतो, पन खा!"

तो स्टुलावरून उतरला, लंगडत ताटलीपाशी आला अन खायला लागला.

४

चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं. काहीतरी कबूल केल्याशिवाय तो घास घेत नव्हता. "उद्या तुले केळं आनतो." खाल्लं. "रविवारी घरातली जळमटं काढतो." खाल्लं. नुसतं "खा रे राजा" म्हटलं तर बसून राहायचा.

मला कडूबाचाच राग आला. म्हातारा याला उपाशी ठेवत असणार. घाटावर माणूस हात जोडून "करीन, देईन" म्हणाला की सुतळी सैल सोडत असणार. वर्षानुवर्षं तेच. प्राण्याला सवय लावायची ही साधी गोष्ट मी मुलांना शिकवते. त्यात देवाधर्माचं काय आलं? उलट मला बरं वाटलं, की रोग कळला.

मग एका रविवारी मी म्हणाले, "उद्या शाळेतून तुह्यासाठी अंडं घेऊन येतो." सोमवारी सुट्टी होती, ते मला माहीत होतं. कावळ्यानं चांगला डोळा माझ्याकडे केला अन मान फिरवली. मी दुसरं काहीतरी खरं कबूल केलं, तेव्हा खाल्लं. पुढं मी मुद्दाम खोटं बोलून बघायला लागले. आठ दिवसांत तो एकदाही फसला नाही. खोटं बोलताना माझा आवाज बदलत असेल. पाखरांचे कान तिखट असतात. असं मी मनाला सांगितलं.

शेजारच्या वच्छलाकाकू कैऱ्या द्यायला आल्या अन ताटलीतला गोळा बघून दारातच थांबल्या.

"अव बाप्पा! घरात पिंड मांडला काय व?"

"पिंड कायचा, काकू? दहीभात हाय. त्याची चोच तुटेल हाय."

"अन त्याच्यासमोर कबूल कायले करून राह्यली? मी आयकलं आता दारातून."

"त्याबिगर खात नाही तो."

काकूंनी कैऱ्या उंबऱ्याबाहेरच ठेवल्या. "ते नदीवर असते, सुचिता. एक दिवसाचं असते. पिंडाचा भातसुद्धा घरच्या चुलीवर शिजवत नाहीत. अन तू मानूस गेलेल्या घरात महिनाभर रोज मांडून राह्यली!"

"मंग काय होते मांडलं तं?"

"काय होते ते मले मालूम नाही. मांडत नाहीत, एवढं मालूम हाय."

अशा लोकांशी काय बोलणार? मी कैऱ्या उचलल्या अन दार लावलं.

त्याच दुपारी कावळ्यानं पहिला घास खाल्ला, दुसरा चोचीत धरला अन निघाला. फरशीवर त्याच्या चांगल्या पायाचा टक आवाज व्हायचा अन मिटलेला पाय घासत यायचा. टक, सर्र. टक, सर्र. तो स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीच्या बंद दारापाशी गेला, घास उंबऱ्यावर ठेवला अन परत आला. कावळे खाणं लपवून ठेवतात, सगळ्यांना माहीत आहे. मी झोपून गेले. उठून बघितलं तर उंबऱ्यावर काही नव्हतं. मुंग्या, मी म्हणाले. पण माझ्या घरात मुंग्या झाल्या की भिंतीवर रांग दिसते, अन भिंत कोरी होती.

५

एप्रिल असा गेला. रोज एक घास त्याचा, एक उंबऱ्यावर. मला रागही येत होता अन लाजही वाटत होती, की आपण विज्ञानाच्या बाई असून दुपारी झोपेतून उठून आधी तो उंबरा बघतो.

मग मी आपल्या पद्धतीनं छडा लावायचं ठरवलं. शाळेतून खडूची भुकटी आणली. कडी काढून दार उघडलं, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूला भुकटी पसरली, परत कडी घातली. खोलीत आईची रिकामी खाट होती, गुंडाळलेली गादी होती, औषधांचा वास अजून होता. बाकी काही नाही. मी नीट बघितलं होतं.

दुपारी कावळा घास ठेवून आला. चारला मी गेले. बाहेरच्या भुकटीत त्याची पावलं होती, बाकी मुंगीसुद्धा फिरलेली नव्हती. घास नव्हता. दार उघडलं. आतल्या भुकटीवर एक रुंद पट्टा पुसला गेला होता, खाटेपासून दारापर्यंत. लुगड्याचा काठ ओढत नेल्यावर पुसेल तसा. दाराखालच्या फटीतून वारा जातो. मी तिथं उभी राहून तीनदा म्हणाले, वारा जातो, वारा जातो. मग फडकं आणून सगळी भुकटी पुसली. 

दुसऱ्या दिवसापासून कावळ्यानं खाणं सोडलं.

काय काय कबूल केलं मी! केळं, अंडं, मलकापूरच्या गच्चीवर ऊन खायला मोठा पिंजरा. सगळं खरं, मनापासून. तो बघायचा अन मान फिरवायचा. महामाया घरी आली, सिरिंजनं भरवून बघितलं, त्यानं सगळं थुंकून टाकलं.

"छातीचं हाड हाताले लागून राह्यलं, मॅडम," ती म्हणाली. "दोन दिवस. फार तं तीन."

मी हरिओमला फोन केला. का केला देव जाणे. त्यानं ऐकून घेतलं अन म्हणाला, "ताई, आईचं जे काय असेल ते बोलून टाक ना. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय! मी फोन कापला अन तिथंच खाली बसले, कारण मला तोवर कळलं होतं. हे उपाशी राहणं मला नवीन नव्हतं. आई अशीच जेवायची. रोज सकाळी मी शाळेत निघायच्या आधी भरवायला बसले की ती ओठ घट्ट मिटायची. "म्हन आंधी, मले सोडून जात नाही मनून." मी म्हणायचे. मग घास घ्यायची. माझ्या मलकापूरच्या पहिल्या बदलीला ती चार दिवस अन्नाशिवाय राहिली होती, अन मी ऑर्डर परत केली होती. त्या तिन्ही स्थळांच्या वेळीही तेच. घाटावर सगळ्यांनी सगळं म्हणून बघितलं, पण हे एक वचन फक्त मला माहीत होतं.

म्हणजे कावळा वाचवायचा तर एवढंच म्हणायचं होतं. मी त्याच्यासमोर बसले अन म्हणाले, "जात नाही मी मलकापूरले."

त्यानं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान फिरवली. खोटं होतं ना ते.

६

दहा मे, रविवार. दुपारचा एक. पुढच्या खोलीत खोकी बांधून झाली होती. कूलर घरघरत होता. कावळा स्टुलावर बसण्याच्या अवस्थेतही नव्हता. गोधडीच्या कापडावर पोटावर पडून होता, चोच उघडी. मी दहीभाताचा गोळा त्याच्यासमोर ठेवला अन भिंतीला टेकून खाली बसले.

पाखरासाठी माणूस काय करेल? मला वाटलं होतं, आता खरंच ठरवून टाकावं. थांबावं इथंच. ऑर्डर परत करायची सवय आहेच आपल्याला. दोन महिन्यांत त्याच्यावर माझा जीव जडला होता, ते खोटं नव्हतं. माझ्या ओठांवर शब्द आले होते. त्याच वेळी त्यानं मान उचलली अन माझ्याकडे नाही, मागच्या खोलीकडे बघितलं.

अन माझा बांध फुटला.

"नाही म्हनत मी, जा!" मी ओरडले. कावळ्याला नाही, तिला. "अकरा वर्षं तुह्यं हागनं-मुतनं काढलं, कधी ब्र काढला का मी? आं? रोज सकाळी वचन घेत होती. पोराकडून घेतलं कधी? त्याले तं पुन्यात घर हसून बांधू देल्लं! माहंच जिनं कायले खाल्लं तू? आता मेली तरी या मुक्या जिवाले उपाशी मारून राह्यली? मरू दे त्याले. मी रडीन, पन थांबनार नाही. आयकलं का व? मी जातो! पंधरा तारखेले जातो!"

माझा घसा फाटला. शेजारी नक्की ऐकू गेलं असणार. ऐकू दे.

तेवढ्यात लाईट गेली. कूलरचं पातं दोन-चार गिरक्या घेऊन थांबलं, अन घर असं शांत झालं की टाकीत ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. कावळ्याचा श्वासही ऐकू येत होता. अन मागच्या खोलीतून खाटेची दोरी करकरली. कूस बदलल्यावर करकरायची तशी नाही. कुणी उठून काठावर बसलं की सबंध खाट करकरते, तशी.

मी बसल्या जागेवरून बघितलं. कडी मीच घातली होती, पण दार वीतभर उघडं होतं. त्या फटीतून खाटेचा फक्त खालचा भाग दिसत होता. काठावरून दोन पाय खाली सोडलेले होते. सुकलेले, टाचा भेगाळलेल्या. अकरा वर्षं ज्यांची मी मालिश केली अन जे कधी हलले नाहीत, ते पाय फरशीवर इकडंतिकडं चाचपडत होते. बाहेर निघताना माणूस खाटेखाली चपला शोधतो, तसे.

मग आवाज आला. चिडलेला नव्हता की रडका नव्हता. सकाळी चहा मागायची तसा साधा.

"बरं, राहू दे. तू नोको थांबू. मीच येतो तुह्यासंगं मलकापूरले."

"नाही," मी म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले, पुन्हा म्हणाले, "नाही, नाही, कोनी बलावलं तुले?" बसल्या बसल्याच हातानं ताटली ओढायला गेले.

पण कावळा तोवर उठला होता. पंख टेकत, पोट घासत तो ताटलीपाशी आला अन गोळ्यात चोच घातली. इतक्या दिवसांचा उपाशी, अधाशासारखा खात सुटला. मी हात मारला तरी हलला नाही. उंबऱ्याकडे एकही घास नेला नाही त्यानं. खोट्या वचनाला तो शिवत नव्हता, हे मीच आठ दिवस पारखून घेतलं होतं. त्यानं ताटली पार चाटूनपुसून साफ केली.